रिकामे हात



या व्यासपीठावर आजवर बोलून गेलेल्या विद्वानांच्या पंक्तीत बसण्याचा माझा अधिकार नाही, हे मी आरंभीच कबूल करतो. माझे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या दारावर, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर शिकलो. चिटणीसांनी मला कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलण्यास सांगितले होते. मी त्यांना म्हटले, मला तालमीवर बोलू द्या. ते थोडे चपापले. युनियनवाल्या माणसाने तालमीवर बोलायचे म्हणजे हाणामारीचे समर्थन करायचे की काय, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसली. ती शंका अगदीच निराधार नव्हती, हे पुढे आपल्या ध्यानात येईल.

मी आयुष्यात तीन प्रकारच्या तालमी केल्या. लहानपणी गावी कुस्ती केली, मुंबईत आल्यावर लाठी आणि दांडपट्टा शिकलो, आणि तरुणपणी कराटे. तिन्हींचा इतिहास मी आधी वस्तादांच्या तोंडून ऐकला आणि पुष्कळ वर्षांनी पुस्तकांतून वाचला. ऐकलेला इतिहास आणि वाचलेला इतिहास यांत जे अंतर निघाले, त्याची किंमत मला मोजावी लागली. आणि माझ्याहून अधिक एका दुसऱ्या माणसाला. ती हकीगत आज मी सांगणार आहे.

व्याख्यानाला मी 'रिकामे हात' असे नाव दिले आहे. कराटे या जपानी शब्दाचा अर्थ रिकामा हात असाच आहे. परंतु आपल्या मराठीत रिकामा या शब्दाला आणखीही अर्थ आहेत. ज्याच्या हाताला काम नाही तो रिकामा, आणि ज्याला घटकाभर सवड आहे तोही रिकामाच. हे सगळे अर्थ मला आज लागणार आहेत.

मातीची ओळख

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. साच्यावर काम करणारे माझे वडील त्यांपैकी एक. संप लांबत चालला तशी लालबाग-परळच्या चाळींतली बिऱ्हाडे गावाकडे निघाली. आम्ही कोल्हापूरपासून चार कोसांवरच्या आमच्या गावी आलो. तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. घरात वडील रिकामे, शाळा अर्ध्यावर सुटलेली, आणि गावातली पोरे मला 'मुंबईकर' म्हणून चिडवणारी. आजोबांनी एके पहाटे मला उठवले आणि तालमीत नेऊन उभे केले.

तालमीचे वस्ताद साठीच्या पुढचे होते. त्यांनी माझ्याकडे एकदा खालून वरपर्यंत पाहिले आणि हातात फावडे दिले. म्हणाले, "आधी माती उकर. मातीची वळख झाल्याबिगर कुणाच्या अंगाला हात लावायचा न्हाई." महिनाभर मी नुसता हौदा उकरला. ताक, तेल, हळद, लिंबू यांवर मुरवलेली ती तांबडी माती पायाखाली लोण्यासारखी व्हायची. मग जोर आणि बैठका. मग पडायला शिकणे. पाडायचे कसे हे त्यानंतर आले. पट काढणे, घिस्सा, ढाक, धोबीपछाड ही नावे तोंडपाठ होती, पण वर्षभर माझ्या वाट्याला पाठीला माती लावून घेणेच आले.

त्या हौद्यात मी एक गोष्ट शिकलो. लढण्यापूर्वी माती कपाळाला लावायची, समोरच्याच्या अंगावर टाकायची, म्हणजे दोघांनाही पकड सारखी मिळते. आणि पाठ टेकली की उठून त्याच्याच गळ्यात पडायचे. निकाल लागला की वैर संपले. निकालाला एवढा मान देणारी संस्था मी पुढे फारशी पाहिली नाही.

गावचे वस्ताद राजर्षी शाहू महाराजांचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावीत. ते योग्यच होते. १८९४ ते १९२२ या कारकीर्दीत महाराजांनी कुस्तीला जो आश्रय दिला त्याला तोड नाही. १९१२ साली पूर्ण झालेले खासबागचे मैदान आजही उभे आहे. ते असे खोलगट बांधले आहे की शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्यालाही हौद्यातली पकड दिसावी. या मुलखातूनच कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव निघाले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. मातीतला मल्ल तेथे गादीवर लढत होता. चार वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हे सारे आपल्याला ठाऊक आहे. मला सांगायचे आहे ते त्याच्या मागचे. पहिलवान म्हणजे काय? सकाळ-संध्याकाळ जोर, दूध, तूप, बदाम, आणि मधल्या वेळी विश्रांती. म्हणजे ज्याला दुसऱ्याची भाकरी मिळवायला जावे लागत नाही असा माणूस. तो खर्च कधी राजाने केला, कधी गावाने वर्गणीतून केला, कधी बापाने एखादे जनावर विकून केला. संपाच्या दिवसांत आमच्या घरी माझ्या खुराकासाठी दूध येत होते ते आजोबांच्या म्हशीचे. १९८४ साली ती म्हैस विकली गेली आणि माझी कुस्ती संपली. वस्तादांच्या बोलण्यात मात्र बळ हे मारुतीरायाच्या कृपेने आणि ब्रह्मचर्याने येत असे; म्हशीचा उल्लेख नसे.

रविवार

मी मुंबईला परतलो तेव्हा पुष्कळ गिरण्यांचे भोंगे बंद पडले होते. वडिलांना पुन्हा कामावर घेतले नाही. आमच्या चाळीमागे एक व्यायामशाळा होती. पत्र्याचे छप्पर, एक मल्लखांब, काही मुद्गल आणि भिंतीला टेकवलेल्या लाठ्या. तेथले वस्ताद स्वतः गिरणीतून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. त्यांच्याकडे मी लाठी, फरीगदगा आणि दांडपट्टा शिकलो.

लाठीने मला अंतर शिकवले. कुस्तीत माणूस अंगाला भिडलेला असतो; लाठीत तो कुठवर पोहोचू शकतो हे डोळ्यांनी मोजावे लागते. पट्ट्याची गोष्ट आणखी वेगळी. त्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते, मनगट वळत नाही, म्हणून सगळे अंगच फिरवावे लागते. जमिनीवर ठेवलेले लिंबू पट्ट्याने काढताना पहिले सहा महिने मी फरशीवर ठिणग्याच काढल्या.

अण्णा सांगत की ही शिवकाळातली विद्या जशीच्या तशी आपल्यापर्यंत आली आहे. त्यात तथ्य किती? शस्त्रे जुनी, हे खरे. परंतु १८७८ च्या शस्त्रकायद्याने हत्यार परवान्याचे झाले, आणि त्यानंतर सामान्य माणसाच्या हाती वेत, काठी आणि बोथट पाते एवढेच उरले. आपण जी लाठी फिरवत होतो तिच्या मागे शिवकाळाइतकाच हा कायदाही उभा होता. त्याच्याही आधी पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. मांग समाजातल्या या वस्तादाकडे जोतीराव फुले दांडपट्टा शिकले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. गावात ज्याला वेशीबाहेर ठेवायचे, त्याच्यापुढे हौद्यात मान लववायची, हा चमत्कार तालमीने एकोणिसाव्या शतकात करून दाखवला. तो सगळ्याच तालमींनी केला असे मात्र म्हणू नये. पुष्कळ तालमींच्या दाराशी जात उभी होतीच.

आता प्रश्न असा की गिरणगावात एवढ्या व्यायामशाळा आल्या कोठून? याचे उत्तर मला पुढे वाचनालयात मिळाले, आणि ते माझ्याच धंद्यातले निघाले. मुंबईच्या गिरण्यांत आरंभी पुरुष कामगाराला आठवड्याची अशी ठरलेली सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर त्यांनी सुमारे दहा हजार कामगारांची सभा घेतली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. त्यानंतर कामाचे तास कसे उतरले तेही पाहा. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांना दिवसाला १२ तासांची मर्यादा आली. १९२२ साली आठवड्याला ६० तास, १९३४ साली ५४ तास आणि १९४६ साली ४८ तास. प्रत्येक पायरीमागे संप आहेत, सभा आहेत, बडतर्फ झालेली माणसे आहेत.

सूर्योदयापूर्वी गिरणीत शिरून दिवेलागणीनंतर बाहेर पडणारा माणूस जोर कधी मारणार? त्याच्या हातात आधी रविवार यावा लागला, मग मुद्गल आला. व्यायामशाळेचे पत्रे वर्गणीतून उभे राहिले असतील. पण तिचा पाया ज्या सवडीवर होता ती सवड मागून, भांडून मिळवलेली होती.

याच व्यायामशाळांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुंबईच्या कामगारांचा इतिहास लिहिणारे राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वस्तीतले दादा आणि त्यांच्या तालमी यांचे चित्र दिले आहे. संपाच्या वेळी हीच कमावलेली शरीरे कधी कामगारांच्या बाजूने उभी राहिली, तर कधी संप फोडणाऱ्यांच्या बाजूने. माझ्या पिढीनेही हे पाहिले. आमच्या व्यायामशाळेतली काही पोरे गिरणी बंद पडल्यावर अशा माणसांच्या दाराशी जाऊन बसली की त्यांची नावे आम्ही हळू आवाजात घेत असू. हात रिकामे होते आणि कोणी तरी त्यांना काम देत होते.

एक आवडती दंतकथा

कराटेकडे मी १९८६ साली वळलो. १९७३ साली निघालेला ब्रूस लीचा 'एंटर द ड्रॅगन' हा चित्रपट आम्ही पडद्यावर कितीदा पाहिला असेल त्याची गणती नाही. महापालिकेच्या एका शाळेत संध्याकाळी वर्ग भरे. पांढरा वेष उसना घेतलेला, पायाखाली शहाबादी फरशी, आणि तोंडाने इची, नी, सान असे जपानी आकडे. कुस्तीत मी अंग शोधत असे, लाठीत अंतर. कराटेत एका क्षणात सगळे बळ एका ठिकाणी आणून लगेच थांबवणे शिकवीत. ठोसा समोरच्याच्या नाकापुढे बोटभर अंतरावर थांबला पाहिजे. त्या थांबण्याला फार मेहनत लागते. शेजारच्या वर्गात ज्युदो चाले. तेथे वर्षभर जाऊन पडायचे कसे ते मी पुन्हा शिकलो, आणि गावच्या वस्तादांची आठवण झाली.

वर्गातल्या शिक्षकांनी आम्हाला एक गोष्ट सांगितली होती. जपानच्या दक्षिणेला ओकिनावा नावाचे बेट आहे. १६०९ साली सात्सुमाच्या सरदारांनी ते जिंकले आणि तेथल्या रयतेची शस्त्रे काढून घेतली. तेव्हा गरीब शेतकऱ्यांनी रात्री लपून आपल्या रिकाम्या हातांनाच शस्त्र बनवले, शेतीची अवजारे लढाईला घेतली, आणि त्यातून कराटे जन्माला आले.

मित्रहो, संपात बाप रिकामा झालेल्या पोराला ही गोष्ट किती गोड लागली असेल याची कल्पना करा. पुढे मी ठाण्याच्या पट्ट्यातील एका कारखान्यात लागलो, युनियनचे काम करू लागलो, आणि दारावरच्या सभांत ही गोष्ट मी हमखास सांगत असे. टाळ्या पडत. मालकाकडे सगळे आहे आणि आपल्याकडे काही नाही. पण हाच रिकामा हात त्यांना भारी पडेल, असे मी म्हणे. म्हणता म्हणता मला ते अक्षरशः खरे वाटू लागले.

१९९६ साली आमच्या कारखान्यात टाळेबंदी झाली. दारावर आमचा मांडव होता. सातव्या आठवड्यात काही माणसांना आत घेण्यास सुरुवात झाली. एके सकाळी एक बदली कामगार डबा घेऊन दाराकडे चालू लागला. वयाने माझ्याहून मोठा, अंगाने किडकिडीत. मी त्याला अडवले. त्याने मला बाजूला ढकलले, अगदी हलके. माझा हात गेला. दहा वर्षे तो हात बोटभर आधी थांबायला शिकला होता. त्या दिवशी तो थांबला नाही. त्या माणसाचा जबडा मोडला.

त्यानंतर जे झाले ते क्रमाने सांगतो. माझ्यावर आणि दुसऱ्या चौघांवर, ज्यांनी बोटही लावले नव्हते, खटला झाला. दारापासून ठराविक अंतराच्या आत जमण्यास कोर्टाने आम्हाला मनाई केली. मांडव उठला. मांडव उठल्यावर आत जाणाऱ्यांना कोणी विचारणारेही उरले नाही. दोन महिन्यांनी आम्ही मालकाच्या अटीवर कामावर गेलो, आणि सतरा जण कायमचे बाहेर राहिले. इतर कारणेही होती, हे मला माझे सहकारी समजावतात. परंतु सात आठवडे आमच्या बाजूने असलेली एक गोष्ट, की आम्ही शांत आहोत आणि दार त्यांनी बंद केले आहे, ही मी एका ठोशाने त्यांच्या हवाली केली, हे मी विसरू शकत नाही.

मी त्या कामगाराच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने दार उघडले आणि मला ओळखून ती आत निघून गेली. त्याला बोलता येत नव्हते. जबडा तारांनी बांधलेला होता. त्याने खुणेने मला बसायला सांगितले आणि मुलाच्या पाटीवर लिहिले, "तीन महिने बदली मिळाली नव्हती." एवढेच. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

अण्णांना हे कळले होते. मी व्यायामशाळेत गेलो तेव्हा त्यांनी माझ्या हातातली लाठी काढून भिंतीला लावली आणि झाडू दिला. "हात कशासाठी कमावला होतास, ते आठवेपर्यंत झाडत जा," असे म्हणाले. मी वर्षभर झाडले. तेराव्या वर्षी फावडे मिळाले होते, सत्ताविसाव्या वर्षी झाडू. माझी प्रगती एवढीच.

ओकिनावाचा खरा इतिहास

त्या वर्षी संध्याकाळ मोकळी असल्यामुळे मी वाचू लागलो. पुढच्या वीस वर्षांत कराटेच्या इतिहासावर जे हाती लागले ते वाचले, आणि माझी आवडती गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत विरघळली.

सात्सुमाची स्वारी १६०९ ची, हे खरे. शस्त्रांवर निर्बंध होते, हेही खरे. परंतु शस्त्रे एकत्र करून सरकारी ताब्यात ठेवण्याचे काम त्याच्या शंभर वर्षे आधी तेथल्याच शो शिन या राजाने केले होते. आणि हाताची ही विद्या जोपासणारे लोक कोण होते? ज्यांची नावे आणि घराणी माहीत आहेत ते बहुतेक शुरी आणि नाहा या शहरांतले, पेचिन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अधिकारीवर्गातले. ही राजदरबारी नोकरी करणारी, शिकलेली माणसे होती. त्यांच्या विद्येत चीनमधून आलेला भाग मोठा होता, म्हणून तिच्या जुन्या नावाचा अर्थच 'चिनी हात' असा होता.

इतोसू आन्को हे त्यांतले एक मोठे नाव. ते राजाच्या दफ्तरात लेखनिक होते. १८७९ साली जपानने ते राज्य खालसा केले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी इतोसूंनी ही विद्या शाळांत नेली. १९०८ साली त्यांनी शिक्षणखात्याला दहा कलमांचे एक पत्र लिहिले. त्यात ही विद्या शिकलेली मुले पुढे सैन्यात उपयोगी पडतील असाही मुद्दा होता. शाळेतल्या मुलांना झेपावेत म्हणून त्यांनी पाच सोपे काते बसवले. त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन हे शाळामास्तर. १९२२ साली त्यांनी तोक्योत प्रात्यक्षिक दाखवले आणि कराटे जपानभर पसरले. पांढरा वेष आणि काळा पट्टा ही कानो जिगोरो यांच्या ज्युदोतून आली. कानोही शिक्षकच, १८८२ साली तोक्योच्या एका देवळात बारा चटयांवर त्यांनी आपली शाळा काढली होती. आणि 'चिनी हात' जाऊन 'रिकामा हात' हे नाव रूढ झाले ते १९३० नंतरच्या दशकात, जेव्हा जपान चीनवर चालून जात होता आणि चीनचे नाव जपानी लोकांना नकोसे झाले होते. १९३६ साली नाहा येथे जाणत्यांची बैठक होऊन नव्या नावावर शिक्कामोर्तब झाले.

मी शिकलेला पहिला काता इतोसूंच्या त्या पाचांपैकीच होता. म्हणजे रात्री लपून कवायत करणाऱ्या शेतकऱ्याचा वारसा म्हणून मी जो घोटला, तो एका लेखनिकाने शाळेच्या अंगणासाठी बसवलेला होता. जबर करांखाली पिचलेल्या त्या शेतकऱ्याला रात्री कसरत करण्याइतके त्राण उरत असेल का? हा प्रश्न मी कधी केला नव्हता. बारा तासांची पाळी करून आलेल्या माझ्या बापाला मी तो विचारू शकलो असतो.

आपल्या घरातल्या कथा

दुसऱ्याची दंतकथा मोडताना आनंद होतो. आपली मोडताना हात आखडतो. म्हणून आपल्याकडेही पाहू.

आपल्या तालमी शुद्ध स्वदेशी आणि एकाच धर्माच्या, असे काही जण सांगतात. त्यांनी तालमीत उभे राहून आजूबाजूच्या वस्तूंची नावे घ्यावीत. तालीम आणि हौद हे शब्द अरबीतून आले. वस्ताद, पहिलवान आणि जोर फारसीतून. लेझीम हीही मूळची इराणी. तेथल्या व्यायामशाळांत साखळी लावलेले लोखंडी धनुष्य अजूनही डोक्यावर फिरवतात, आणि तेथेही जमीन खोल करून आखाडा बनवतात. मुद्गल, दंड आणि आखाडा मात्र आपले. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांचे आणि त्यांच्या व्यायामाचे सविस्तर वर्णन आहे. म्हणजे एका हौद्यात दोन मुलखांची माती मिसळली. बडोद्याचे प्रोफेसर माणिकराव हे महाराष्ट्राच्या व्यायामपरंपरेतले केवढे मोठे नाव! त्यांच्या संस्थेचे नाव जुम्मादादा व्यायाम मंदिर. जुम्मादादा हे माणिकरावांचे मुसलमान वस्ताद. शिष्याने गुरूचे नाव दारावर लावले, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

यावरून मला एक गोष्ट कळते. प्रत्येक तालीम आपली कुळकथा सांगताना अशी सांगते की ऐकणाऱ्याला आपण जन्मतःच बलवान आहोत असे वाटावे. जपानने चीनला वगळले, आपल्यातले काही जण जुम्मादादांना वगळतात, आणि मी युनियनवाल्याने ओकिनावाच्या अधिकाऱ्यांना वगळून त्यांच्या जागी शेतकरी बसवले. माझा हेतू चांगला होता. पण खोट्या इतिहासाने मला खोटे बळ दिले, आणि त्या बळाने मी एका रिकाम्या माणसाचा जबडा मोडला.

सवड

मग कामगाराच्या रिकाम्या हाताचा खरा इतिहास कोणता? मला वाटते तो आमच्याच दप्तरात आहे. कामगाराने रिकामे हात वापरले ते मुठी वळून नव्हे. कामावरून काढून घेऊन, घडी घालून. १८९० साली महालक्ष्मीच्या मैदानावर बसलेल्या दहा हजारांपैकी किती जणांना लाठी येत होती कोणास ठाऊक. पण त्यांनी रविवार मिळवला. आणि त्या रविवारी त्यांची मुले हौद्यात उतरली. तालमीतून हक्क आले नाहीत. हक्कांतून तालीम आली. मी इतकी वर्षे हा क्रम उलटा सांगत होतो.

तालमीचे माझ्यावरचे ऋण त्यामुळे कमी होत नाही. पडावे कसे, निकाल मानावा कसा, आणि हात बोटभर आधी थांबवावा कसा, हे मला तिघा वस्तादांनी शिकवले. वाटाघाटीच्या टेबलावर बसताना मला आजही त्या बोटभर अंतराचा उपयोग होतो. १९९६ साली मी जे केले ते तालमीमुळे केले नाही. तालीम विसरून केले.

आमची व्यायामशाळा अजून आहे. तिच्या तिन्ही बाजूंना उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. अण्णा गेले, सकाळी मीच दार उघडतो. लोक म्हणतात, आजच्या पोरांना तालमीची आवड नाही, ती मोबाइलमध्ये गुंतली आहेत. मी त्या पोरांना ओळखतो. त्यांतली पुष्कळ त्याच इमारतींच्या दारांवर पहारेकरी म्हणून उभी असतात. पाळी बारा तासांची, आणि सुटी घेतली तर त्या दिवसाचा पगार नाही. १९११ साली गिरणी कामगार जेथे उभा होता तेथे ती एकविसाव्या शतकात येऊन उभी राहिली आहेत. त्यांना मी जोर मारायला या म्हणून कोणत्या तोंडाने सांगू?

म्हणून अलीकडे आमची युनियन त्यांच्यात काम करते. मागणी जुनीच आहे, लोखंड्यांची. एका वसाहतीत गेल्या वर्षी ती मान्य झाली. पहारेकऱ्यांना आळीपाळीने पगारी साप्ताहिक सुटी मिळाली. त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी दोघे जण व्यायामशाळेच्या दाराशी येऊन उभे राहिले. बीड जिल्ह्याकडचे, विशीतले. एकाने विचारले, "काका, इथं फी किती?"

मी त्याच्या हातात फावडे दिले.